गौरी आल्या की बरं वाटतं, मग आषाढात काय होतं?

पत्राचा सारांश: कोल्हापुरात नदीकडच्या एका पेठेत राहणाऱ्या, ४६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या घरीच ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. त्या लिहितात, ‘जूनच्या शेवटी पाऊस लागला की मला काहीतरी होतं. रात्री नऊ-दहा तास झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. दुपारी पुन्हा आडवी होते. चहाबरोबर खारी, मग गुळाचा खडा, मग भात, सारखं काहीतरी खावंसं वाटतं. सुईत दोरा ओवायला घेते आणि दोरा बोटांत धरून अर्धा-अर्धा तास तशीच बसून राहते. समोर गौरीच्या ब्लाऊजांचा ढीग असतो. आषाढात गल्लीतल्या बायकांबरोबर नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीला जायचे, दोन वर्षं गेलेच नाही. नवरा म्हणतो, “धडधाकट तर हायस की, नुसती झोपा काढतीयास.” गौरी-गणपती झाले, ऊन पडलं की मी आपोआप बरी होते, म्हणजे त्याचंच खरं असेल का? पुण्याच्या मुलीनं वाचून सांगितलं की हे ऋतूमुळे येणारं डिप्रेशन आहे, त्यासाठी दिव्यासमोर बसायचं असतं. पण ते थंड देशातल्या लोकांना होतं ना? २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या घरात पुराचं पाणी आलं होतं, पण त्याला आता वर्षं लोटली. कधीकधी वाटतं, पाणी एकदाचं यावं आणि सगळंच संपावं. गोळ्या सुरू केल्या तर जन्माच्या मागे लागतील, ही भीती आहे. मी आळशी झालेय की आजारी?’

ताई,

तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण मी त्याच्या जरा आधीच थांबले. ‘सगळंच संपावं’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. पावसाला कंटाळून माणूस असं बोलून जातो, आणि कधी ते फार खोलवरूनही येतं. म्हणून सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, इथपर्यंत विचार जातो का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारणारं कुणी भेटलं की ओझं हलकं होतं. तुमचं उत्तर ‘हो’ असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा. आधी घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्या, एकट्या राहू नका, आणि १४४१६ हा नंबर लावा. ही ‘टेलि-मानस’ नावाची सरकारी सेवा आहे. दिवसा, रात्री, केव्हाही फोन घेतात, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार फारच जोर करत असतील, तर वेळ-काळ न बघता सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा. छातीत दुखलं तर जसे जाल, तसेच.

आता आळसाचं. आळशी माणसाला लोळायला मिळालं की बरं वाटतं. तुम्हाला बरं वाटत नाही, तुम्ही झोपून उठता ती आणखी थकून उठता. आळशी माणसाला समोरचा ढीग खुपत नाही. तुम्हाला तो इतका खुपतो की त्यावर तुम्ही पत्र लिहिलंत. आणि त्र्यंबोलीला जाणं हे काही कष्टाचं काम नव्हे. पी ढबाक वाद्यांच्या गजरात डोक्यावर पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या टेकडीवर जायचं, हा आपल्या पेठांतल्या बायकांचा वर्षाचा आनंद. ज्यात जीव रमायचा त्यातूनच तो उडाला, याला आळस म्हणत नाहीत. डॉक्टर नैराश्याची लक्षणं तपासतात तेव्हा दोन गोष्टी आधी विचारतात: मन सतत उदास आहे का, आणि आवडीच्या गोष्टीतली गोडी गेली आहे का. यांतली एक तरी असावी लागते. मग झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मनाचा किंवा शरीराचा मंदपणा वा तगमग, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार, असं बघत जातात. एकूण नऊपैकी पाच लक्षणं, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकली आणि त्यानं रोजचं जगणं अडलं, तर ते नैराश्य. तुमच्या पत्रात मी मोजली तेवढी पुरेशी आहेत. निदान मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण डॉक्टरकडे जायला एवढं कारण भरपूर झालं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजीची वाटलेली समजूत वेगळीच आहे. ‘ऊन पडलं की मी आपोआप बरी होते, म्हणजे आजार नसेल.’ ताई, अर्धशिशीसुद्धा आपोआप थांबते. ती थांबली म्हणून आदल्या दिवशी डोकं दुखत नव्हतं, असं कुणी म्हणत नाही. जे ऋतूबरोबर येतं आणि ऋतूबरोबर जातं, त्याचा धोका नेमका हाच आहे. आषाढ-श्रावणात डॉक्टरकडे जायची ताकद नसते, आणि भाद्रपदात ताकद आली की गरज वाटत नाही. दसऱ्याला तुम्ही नवी कापडं कापायला घेता, घरचे म्हणतात ‘बघ, झाली की बरी’, आणि विषय पुढच्या जूनपर्यंत बंद. अशी चार-पाच वर्षं सहज निघून जातात. तुमचीही काही वर्षं गेलीच की.

मुलीनं सांगितलं त्यात तथ्य आहे, फक्त ते जसंच्या तसं आपल्या गावाला लागू होत नाही. या आजाराचं वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. तिकडून अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात स्वतःचंच मन आणि अंग मंदावतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यातला दिवस फार लहान. ऑस्लोत डिसेंबरमध्ये सूर्य जेमतेम सहा तास दिसतो. आपल्या मेंदूत शरीराचं एक घड्याळ आहे आणि ते रोज सकाळी डोळ्यांतून शिरणाऱ्या उजेडावर लावलं जातं. तो उजेड उशिरा आणि अपुरा मिळाला की झोपेचं मेलाटोनिन आणि मनाचा तोल राखणारं सेरोटोनिन यांचं वेळापत्रक बिघडतं, असं या आजाराचं मुख्य स्पष्टीकरण आहे. या प्रकारात झोप कमी होत नाही, वाढते. भूक मरत नाही, वाढते, आणि ओढ गोडाची, पिठूळ पदार्थांची लागते. माणसं नकोशी होतात. तुमची खारी आणि गुळाचा खडा वाचून मुलीला हेच आठवलं असणार. पोरगी हुशार आहे.

पण कोल्हापुरात जूनचा दिवस वर्षातला सगळ्यात मोठा असतो, तेरा तासांचा. डिसेंबरात तो अकरावर येतो आणि डिसेंबरात तुम्ही ठणठणीत असता. म्हणजे दिवसाची लांबी तुमचा आजार सांगत नाही. मग उजेडाचा संबंधच नाही का? आहे, पण तो आभाळाइतकाच तुमच्या घरातही शोधावा लागेल. त्याकडे येतेच.

त्याआधी पुराचं. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, आणि लगेच ‘पण त्याला आता वर्षं लोटली’ असं वर झाकणही घातलंत. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या पत्राची किल्ली तिथं आहे. मीही याच गावची. पाणी ओसरल्यावर भिंतींना धरून राहिलेला तो गाळाचा वास मला आजही पहिल्या मोठ्या पावसात येतो, खरा गाळ कुठंही नसताना. ज्यांच्या उंबऱ्यातून पाणी आत आलं त्यांचं काय होत असेल? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी आपल्याकडं मुलांनाही पाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दोन्ही महापुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. मग पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात मोबाईलवर आकडा आला की अंग स्वतःच आवरून बसतं, हे नवल नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकातही हा फरक नेमका सांगितला आहे. ठराविक ऋतूत दरवर्षी येणारं एखादं उघड संकट किंवा ताण हेच कारण असेल, तर त्याला ऋतूचं नैराश्य म्हणायचं नाही. आणि ते म्हणण्यासाठी सलग दोन वर्षं तरी तोच ऋतू धरून दुखणं यायला हवं, मधल्या काळात इतर ऋतूंत येता कामा नये. तेव्हा तुमच्या बाबतीत प्रश्न असा: मन आधी कशानं बसतं? आभाळ भरून आल्यानं, की पातळीच्या आकड्यानं? नदी २० फुटांवर निवांत असताना, नुसत्या आठ दिवसांच्या झडीनंही तुम्ही आडव्या होता का? रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की दचकून उठता का? त्या दोन वर्षांची दृश्यं न बोलावता डोळ्यांपुढं येतात का? नदीकडं, घाटाकडं जाणं टाळता का? या शेवटच्या तीन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर तो आघाताचा माग आहे आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दिव्यासमोर बसून पूर उतरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

हे शोधायला एक सोपी युक्ती आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनात रोज रात्री चार बारीक नोंदी करा. किती तास झोपलात. मन दहापैकी किती. किती ब्लाऊज हातावेगळे झाले. आणि त्या दिवशी पातळीचा आकडा कानावर आला का. महिनाभरानं ते पान घेऊन डॉक्टरकडे गेलात, तर अर्ध्या तासाच्या बोलण्यानं कळणार नाही ते त्यांना दोन मिनिटांत कळेल. पण महिना भरायची वाट बघत बसू नका. पहिल्या भेटीला याच आठवड्यात जा, पान नंतर दाखवा.

कुणाकडं जायचं? सीपीआरला मानसोपचार विभाग आहे, तिथं जा, किंवा घरच्या डॉक्टरांना विचारून गावातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ‘वेड्यांचे डॉक्टर’ हा शब्द घरात कुणी काढलाच, तर ऐकून सोडून द्या. तिथं काही गोष्टी आपणहून सांगा. महापुराचं सांगा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी. पाळीचं सांगा, कारण ४६ म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासचं वय, आणि त्यातही झोप आणि मन दोन्ही हलतात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. थायरॉईड कमी पडला तरी बाई अशीच जड, झोपाळू आणि खिन्न होते, आणि त्याची गोळी वेगळी असते. ब्लड प्रेशरची किंवा आणखी कसली औषधं चालू असतील तर चिठ्ठी बरोबर न्या. आणि एक महत्त्वाचं: पावसाळा सरल्यावर तुम्ही नुसत्या बऱ्या होता, की त्याही पुढं जाता? तीन-चार तासांच्या झोपेवर दिवसभर धावणं, बोलणं न थांबणं, हातात नसलेले पैसे खर्च होणं, असं काही दिवस होतं का? होत असेल तर ते नक्की सांगा. ते बायपोलर, म्हणजे मन दोन टोकांना जाणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि त्यात साधी नैराश्याची गोळी किंवा दिव्याचा उपचार उलटू शकतो.

गोळ्यांची भीती मला समजते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखं व्यसन लावत नाहीत. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. ‘आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही’ म्हणून सोडणारे खूप भेटतात, आणि ‘बंद केल्यावर चक्कर आली, म्हणजे सवय लागली’ म्हणणारेही. दुखणं ऋतूचंच ठरलं तर काही वेळा डॉक्टर गोळी ऋतूपुरतीच देतात, दुखणं यायच्या आधी सुरू करून, ऋतू गेल्यावर थांबवून. गोळीखेरीज बोलण्याचे उपचारही आहेत. त्यात विचारांची आणि दिवसाची घडी बदलायला शिकवतात, आणि ऋतूच्या नैराश्यात त्यांचा गुण पुढच्या वर्षांतही टिकताना दिसला आहे. पुराच्या धास्तीवर तर तोच मुख्य रस्ता.

आता उजेड. तुमच्या पेठेतली घरं मी पाहिली आहेत. एकाला एक लागून, उजेड यायचा तो पुढच्या दारातून आणि एखाद्या खिडकीतून. आणि मिरगाच्या तोंडावर आपण काय करतो? झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून गॅलरीला, खिडकीला निळी ताडपत्री ठोकतो. ती गणपतीपर्यंत निघत नाही. तुम्ही त्या ताडपत्रीच्या मागं, ट्यूबलाइटखाली, दिवसभर मशीनवर मान घालून बसता. ट्यूबच्या खोलीत उजेड शे-दोनशे लक्स असतो, फार तर पाचशे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). मशीनचा दिवा उजेड देतो तो सुईला, तुमच्या डोळ्यांना नाही. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी दिवसा उघड्यावर बहुधा हजाराच्या वर लक्स असतात, ढग जरा पातळ झाले की पाच-दहा हजार. पावसाळ्यात बाहेर उजेड नसतो असं आपल्याला वाटतं, पण तो असतो. आपणच त्याला घराबाहेर ठेवतो.

तेव्हा ताडपत्री काढा आणि तिथं पांढरा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद लावा, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. पाणी अडेल, उजेड येईल. मशीन खिडकीला काटकोनात घ्या, म्हणजे उजेड बाजूनं तोंडावर येईल आणि कापडावर सावली पडणार नाही. आणि उठल्यावर तासाभराच्या आत, पहिला चहा घेऊन पुढच्या दाराच्या पत्र्याखाली स्टूल टाकून अर्धा तास बसा. मोबाईल आत ठेवून. पाऊस कमी असेल तर छत्री घेऊन रंकाळ्याकडं वळा, चालणंही होईल. हे आजच करता येण्यासारखं आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मुलगी म्हणते तो दिवा खरा आहे. १०,००० लक्सचा असतो, सकाळी उठल्याबरोबर २० ते ३० मिनिटं, ठरवलेल्या अंतरावर, डोळे उघडे ठेवून पण दिव्याकडं टक न लावता बसायचं. साधा जास्त वॅटचा बल्ब म्हणजे तो दिवा नव्हे. मधुमेहानं किंवा आणखी कशानं डोळ्यांच्या पडद्याला दुखणं असेल, किंवा वर सांगितलेला जास्तीच्या उत्साहाचा काळ येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचा नाही. तुमच्यासाठी मी आधी ताडपत्री काढेन. पैसे वाचले तर तपासण्यांना लागतील.

कामाचं म्हणाल तर मन लागायची वाट बघू नका, ते ढिगाकडं बघून कधीच लागणार नाही. रोज सकाळी उजेडात बसून आलात की एकच ब्लाऊज घ्या, घड्याळ लावून वीस मिनिटं. हुक लावायचे असोत की काज करायची असोत, वीस मिनिटं झाली की उठलात तरी चालेल. बहुतेक वेळा हात चालू झाला की तोच पुढं ओढतो, आणि नाही ओढलं त्या दिवशीही चार हुक लागलेले असतात. गौरीची थोडी कामं ओळखीच्या दुसऱ्या बाईकडं वळवा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही, पण वेळेवर न मिळालेल्या ब्लाऊजानं ते जास्त लवकर तुटतं.

पातळीच्या आकड्याचा बंदोबस्त घरानं मिळून करायचा आहे. दिवसात दहा वेळा मोबाईलवर तो बघणं तुम्ही बंद करा, ते काम यजमानांना द्या. त्यांनी सकाळ-संध्याकाळ बघायचा आणि ठरलेल्या आकड्याखाली असेल तर काही बोलायचंच नाही. ठरलेला आकडा म्हणजे? आजच बसून लिहून काढा: इतके फूट झाले की मशीन वर न्यायची, कागदपत्रांची पिशवी वर टांगायची, इतके झाले की अमक्याच्या घरी जायचं. भीतीला पुढची पायरी ठाऊक नसली की ती रात्रभर जागी ठेवते.

आणि यजमान. ते वाईट आहेत असं पत्रावरून मला वाटलं नाही, त्यांना जे दिसतं ते ते बोलतात. पुरात त्यांचंही घर बुडालं होतं, त्यांनी ते कुठं ठेवलंय, हे कदाचित त्यांनाही माहीत नसेल. भांडणाच्या वेळी नको, जेवण झाल्यावर शांतपणे सांगा, ‘अहो, मला आळस नाही, मला बरं नाही. दरवर्षी पावसाळ्यात असंच होतंय. तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरकडं चला, त्यांच्या तोंडून ऐका.’ बरोबर न्याच. बायकोच्या चार महिन्यांच्या सांगण्यानं जे पटत नाही, ते डॉक्टरांच्या एका वाक्यानं पटतं, हा अनुभव फार घरांतला आहे. राग येण्यासारखाच आहे, पण तुम्ही त्याचा उपयोग करून घ्या.

यंदा गौरी आल्या, तुम्हाला बरं वाटायला लागलं, की डॉक्टरांची पुढची तारीख रद्द करू नका. त्यांना विचारा, ‘पुढच्या वर्षी हे येऊ नये म्हणून मी केव्हा येऊ?’ बहुधा ते एप्रिल किंवा मे सांगतील. ती तारीख नव्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्याच चौकोनात, लाल पेनानं लिहून ठेवा. आणि दिवाळीच्या सुमारास, हात पुन्हा झरझर चालायला लागलेले असताना, मला त्या चौकोनांतले आकडे पाठवा. मन आधी आभाळानं बसलं की नदीच्या आकड्यानं, ते आपण तेव्हा मिळून बघू.